बुजवलेली चूल

शीगौ गावात दशुन मिस्त्रीच्या हातचा खांग नाही असं घर शोधून सापडलं नसतं. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं. मातीत गव्हाचा भुसा कालवायचा, पायानं तुडवायचा, साच्यात घालून लाद्या पाडायच्या, आणि दक्षिणेच्या खिडकीखाली गुडघ्याहून जरा उंच, भिंतीपासून भिंतीपर्यंत ऐसपैस झोपायचा ओटा उभा करायचा, तोच खांग. एका टोकाला चुलीचं तोंड, दुसऱ्या टोकाला धुरांडं, आणि मधे ओट्याच्या पोटातून धुराला फिरायच्या वाटा. वाट सरळ ठेवली तर धूर ऊब न देताच पळून जातो, फार वळवली तर उलटा घरात येतो. ते माप दशुनच्या बोटांत होतं. हिवाळ्यात जेवण, झोप, बाळंतपण, भांडण, सगळं त्या खांगवरच. बाहेर पाणी दगड होऊन पडलेलं असलं तरी दशुनच्या खांगवर म्हातारी माणसं अंगरखा काढून बसतात, असं गावात कौतुकानं बोललं जाई.

म्हणून खांगची तोंडं बुजवायचा हुकूम आला तेव्हा सरकारी माणसांना पहिली आठवण झाली ती दशुनचीच.

गावचा सेक्रेटरी छू सकाळीच अंगणात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, गोलमटोल, सदा घाईत असलेला माणूस. दशुन मक्याची कणसं माळेत ओवत बसला होता.

"काका, एक काम आहे. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

"कुणाचा खांग बसला?"

"बसला नाही. बुजवायचाय."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा," छू म्हणाला आणि खाली मान घालून सिगरेट चाचपू लागला. "पंधरा तारखेच्या आत. यंदा कोळसा बंद, धाटं जाळणं बंद. ही पिवळी नळी बघताय ना भिंतीवर, हिच्यातून गॅस येणार. भिंतीवरचा पांढरा डबा पाणी तापवणार, घर ऊबदार. शेजारच्या गावात वरून तीन पोरं पाठवली होती. घण घेऊन आली न् तोंडं फोडत सुटली. दोन खांग खाली बसले. बायका झाडू घेऊन धावल्या अंगावर. तुमचा हात साफ आहे. तुमचं लोक ऐकतील."

"माझेच खांग मी बुजवू?"

"दुसरा कोण बुजवणार सांगा बरं?"

दशुननं दाराकडं बघितलं. दारात त्याची बायको रुइफन बुटक्या स्टुलावर बसून कोबीची वाळकी पानं सोलत होती. दोन पानं सोलायची, थांबायची, तोंड उघडं टाकून श्वास ओढायची, मग तिसरं. तिच्या छातीतून येणारी शिट्टी अंगणात ऐकू येत होती.

रुइफन चौदा वर्षं गावच्या चुनाभट्टीवर चाळण मारत होती. भट्टी बंद पडून वीस वर्षं झाली, पण तिनं ती छातीत भरून घरी आणली होती. वर घरची चूल. पहाटे उठून कोळशाच्या भोकाभोकांच्या वड्या पेटवायच्या, त्या नीट लागेपर्यंत पिवळा धूर खात बसायचं. पूर्वेला पोलादाच्या कारखान्याची पाच धुरांडी. त्यांचा मुलगा योंगछिंग तिथंच कामाला होता. गेले दहा-बारा हिवाळे गावावर असं धुरकं बसे की भर दुपारी ट्रॅक्टरवाल्यांना दिवे लावावे लागत, वाळत घातलेली चादर संध्याकाळी राखाडी होऊन घरात येई, आणि शाळा चार-चार दिवस बंद. अशा दिवसांत रुइफन बसून झोपे. आडवी झाली की गुदमरे. नवरा-बायको दोघंही उशीला टेकून बसून रात्र काढत, कारण ती जागी असताना दशुनला झोप लागत नसे. जिल्ह्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं होतं, "यांना धूर चालणार नाही. ऊब द्या आणि धुरापासून लांब ठेवा."

दशुनच्या डोक्यात त्यातलं धुराचं तेवढं राहिलं.

"माझ्या घरापासून सुरुवात करू," तो छूला म्हणाला. "म्हणजे कुणी मला बोलायला नको."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचा खांग बुजवला. काम कसं करायचं ते हुकुमात लिहिलं होतं: तोंडाशी विटांचा एक थर, वर सिमेंटचा हात. पण दशुनला तसलं वरवरचं काम कधी जमलंच नव्हतं. त्यानं चुलीच्या तोंडातून आत हात घालून घशापर्यंत विटांचे तुकडे ठासले, त्यावर चुना आणि सिमेंट पातळ कालवून ओतलं, धुरांड्यातूनही वरून घमेलं घमेलं सोडलं. मग तोंडाशी विटा लावल्या, ओळंबा धरून. वर असा गुळगुळीत हात फिरवला की इथं चूल होती हे कुणाला सांगूनही पटू नये. छूनं चारही बाजूंनी फोटो काढले.

"इतकं कशाला, काका?"

"अर्धवट ठेवलं की माणूस पहिल्या थंडीत उकरतं. मी स्वतःला ओळखतो."

रुइफन खांगच्या कडेला बसून बघत होती. "मिस्त्री, माझ्यासाठी करताय हे?" तिनं विचारलं.

"नाही गं, छूच्या फोटोसाठी," दशुन म्हणाला, आणि ती हसता हसता खोकली.

मग रोज आठ-दहा घरं. घमेलं, थापी, चुन्याची पिशवी, आणि दंडावर सरकारी कामाची लाल पट्टी. चाळीस वर्षं हा माणूस दारात आला की लोक चहा टाकत. आता त्याला बघून कुत्रं बांधायलाही कुणी उठेना. कुणी म्हणालं, "या, सरकारचे जावईबापू, कुणाचं तोंड बंद करताय आज?" कुणी त्याच्या देखत कारखान्याकडं बोट दाखवून म्हणालं, "त्या पाच धुरांड्यांना शिडी पुरत नाही वाटतं तुमची?" दशुन ऐकून घेई. कारखान्यालाही अर्ध्या भट्ट्या बंद ठेवायला लावल्यात, योंगछिंग आठवड्यात तीनच दिवस कामाला जातो, असं तो सांगू लागला की लोक पाठ फिरवत. बहुतेक घरी लोक कानाशी लागून म्हणत, "मिस्त्री, एक वीट सैल ठेवा हो. कुणाला कळतंय?" दशुन एकही वीट सैल ठेवत नसे. त्याला वाटे, आपण एकाला सोडलं तर दहा जण धूर करतील, आणि तो धूर वाऱ्याबरोबर थेट रुइफनच्या छातीत जाईल. त्याचा हिशेब इतका साधा होता.

छीकाकूंच्या घरी मात्र त्याला जड गेलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची एकटी बाई, मागं ना पुढं. दशुननं पहिलावहिला खांग लावला तो तिच्याच घरी. लाद्या कशा तुडवायच्या ते तिच्या नवऱ्यानं त्याला शिकवलं होतं. ती चुलीपुढंच मांडी घालून बसली.

"उठा काकू."

"उठते. तू आधी मला सांग, मी कशावर झोपू?"

"गॅस येतोय ना. डबा लावलाय तुमच्या भिंतीवर."

"डबा मी बघितला. डब्यावर झोपू का?"

"काकू, वेडेपणा नका करू. हवा सुधारणार आहे. सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

"तुझ्या बायकोच्या भल्याचं आहे म्हण. खोटं का बोलतोस? रुइफन गुणी पोर आहे, तिच्यासाठी मी मेले तरी चालेल. पण एक वीट सैल ठेव, दशुन. तुझ्या गुरूच्या नावानं मागते."

दशुननं तिला काखेत हात घालून उठवलं, स्टुलावर बसवलं, आणि चुलीचं तोंड नेहमीसारखंच घट्ट लिंपलं. म्हातारी शेवटपर्यंत त्याच्या हाताकडं बघत होती. निघताना एवढंच म्हणाली, "हात मात्र छान आहे हो तुझा." दशुनला ते शिवीसारखं लागलं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

पंधरा तारखेला कोळशाच्या गाड्या आल्या आणि घराघरातला कोळसा गोळा करून घेऊन गेल्या.

मग जे झालं ते खरं सांगायला हवं. हवा निवळली. चार दिवस उत्तरेचा वारा सुटला, आणि पाचव्या दिवशी सकाळी रुइफननं अंगणातून हाक मारली, "अहो, बाहेर या, लवकर या!" तिला काही झालं असं वाटून दशुन अनवाणीच धावला. ती भिंतीला धरून उभी होती, पश्चिमेकडं बघत. थायहांगचा डोंगर दिसत होता. कडे, घळी, वरचं बर्फ, सगळं. लग्न होऊन आली तेव्हा दिसायचा तसा.

"हा एवढा जवळ होता का हो?"

"तिथंच होता. जाईल कुठं?"

"मला वाटलं, लांब सरकला असेल," ती म्हणाली. त्या आठवड्यात ती आडवी होऊन झोपली, सलग, सकाळपर्यंत. स्वतः उठून तिनं राळ्याची पेज केली, शेजारणीकडं जाऊन दोन घटका बसून आली. दशुन गावातून मान वर करून चालू लागला. कुणी टोमणा मारला तर तो डोंगराकडं बोट दाखवी.

पण गॅस काही आला नाही.

आज येईल, सोमवारी येईल, मुख्य नळी जोडायची राहिलीय, शहराला आधी द्यावा लागतोय. छू रोज नवीन काहीतरी सांगे. भिंतीवरचा पांढरा डबा एक लाल दिवा लावून मुकाट बसलेला. अकरावा महिना संपता संपता थंडी उतरली. आधी अंगणातला रांजण फुटला. मग स्वयंपाकघरातला कोबी गोठून काचेसारखा वाजायला लागला. खांग म्हणजे आता विटांचा थंडगार ढीग, वर बसलं की गारवा हाडात चढे. लोकांनी विजेच्या चादरी आणल्या, शेगड्या आणल्या. सगळं गाव एकदम खटका दाबी, आणि खांबावरचं यंत्र फट्ट करून बसे. मग सगळेच अंधारात. निळंभोर आभाळ आणि हाडं फोडणारी थंडी. असं स्वच्छ आभाळ बघून शिव्या देणारी माणसं शीगौत पहिल्यांदाच दिसली.

रुइफन तीन गोधड्या, दोन अंगरखे, डोक्याला रुमाल अशी खांगवर बसून असे. पहिल्यांदा तिनं तक्रार केली नाही. "धूर नाही ना, मग झालं," म्हणे. मग तिला कापरं भरलं. ताप आला. खोकल्याबरोबर गंजासारखं काहीतरी पडू लागलं. योंगछिंगनं गाडी करून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं व्हरांड्यातही खाटा लावलेल्या, तिच्यासारख्याच म्हाताऱ्या, सगळ्या गावांच्या. आठ दिवस ठेवलं, सुया दिल्या, मग नव्या आजाऱ्यांसाठी खाट हवी म्हणून घरी पाठवलं. तरुण डॉक्टर दशुनला बाजूला घेऊन म्हणाला, "फुप्फुसात आता फारसं काही उरलेलं नाही, बाबा. एक थंडी बाधली तर संपेल. ऊब ठेवा. ऊब सगळ्यात महत्त्वाची."

"आणि धूर?"

"धूरही नको," डॉक्टर म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडं वळला.

घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी दशुननं छिन्नी, हातोडी, पहार काढली.

रुइफनला त्यानं खुर्चीत बसवलं, गोधड्यांत गुंडाळलं. तोंडाच्या विटा दुपारपर्यंत निघाल्या. आतला भराव काही निघेना. छिन्नी आपटावी तर ठिणगी उडे, चिमूटभर पांढरी पूड पडे. स्वतःच्याच हातचा माल, दगड झालेला. दशुन पोटावर झोपून चुलीत खांद्यापर्यंत हात घालून ठोकत होता. बोटं सोलली, रक्त चुन्यात मिसळलं. तो स्वतःशी पुटपुटत होता, "कोण रे गाढवानं एवढं ठासलं, कोण गाढव." संध्याकाळपर्यंत भराव वीतभरही फुटला नाही. मग त्यानं वरून फोडायचं ठरवलं. पहार उचलून खांगच्या मध्यावर घाव घातला, आणि आतल्या पोकळीवरच्या लाद्या एकामागून एक धाडधाड आत बसल्या. काजळीचा लोट उठला. रुइफन खुर्चीत वाकून वाकून खोकू लागली, तिचे ओठ निळे झाले.

दशुननं पहार टाकली आणि तिला उचलून पडवीत आणलं.

नवा खांग लावायला त्याला तीन दिवस पुरले असते. पण ओली माती या थंडीत वाळण्याआधीच गोठते, आणि विरघळली की फुटते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? वसंत येईपर्यंत त्याच्या घरात खांग होणार नव्हता.

दोन दिवस गरम पाण्याच्या बाटल्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी दशुन दुकानातून बाटल्या आणायला निघाला असताना त्याची नजर छीकाकूंच्या छपराकडं गेली. सगळ्या गावच्या कौलांवर दहिवर पांढरं बसलेलं. काकूंच्या धुरांड्याभोवती मात्र दोन वीत कौलं कोरडी, काळी. गावात इतर कुणाच्या हे लक्षात आलं नसतं. दशुन तिथंच उभा राहिला. त्याच्या दंडावर अजून ती पट्टी होती. त्यानं ती काढून खिशात कोंबली आणि दार वाजवलं.

म्हातारीनं फट उघडून बघितलं. "बुजवायला आलास?"

"नाही काकू."

"मग?"

तो तिथंच, उंबऱ्याबाहेर, गुडघ्यावर बसला. चौसष्ट वर्षांचा माणूस, डोकं खाली.

"ऊठ," छीकाकू म्हणाल्या. "गुडघे धरतील गारठ्यानं. रुइफन कशी आहे?"

"काकू, तिला तुमच्या खांगवर…"

"मग एवढा वेळ काय करत होतास? आण तिला."

दशुन आत आला. चुलीचं तोंड उघडं होतं, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. आत लाल विस्तव.

"हे कसं फोडलंत तुम्ही?"

"चिमटा आणि कोबी चिरायचा सुरा. अकरा दिवस लागले. सकाळी चार टवके, दुपारी चार टवके. तुझा चुना फार कडक आहे रे मेल्या. वरून नवरीला पावडर लावतात तसा हात फिरवला होतास, त्याचीच मला चीड आली." तिनं आपले हात पुढं केले. नखं गेलेली होती. "बरं, घशात भरलं नव्हतंस माझ्या. तेवढी कुठं दया आली असेल तुला."

दया नव्हती ती. त्या दिवशी भराव संपला होता. दशुननं ते सांगितलं नाही.

हातगाडीवर गवताची गादी, वर गोधड्या, असं करून त्यानं रुइफनला आणलं. खांगवर ठेवलं तेव्हा ती एवढी हलकी लागली की तो दचकला. उष्ण चटईला पाठ लागली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला, कण्हल्याचा की सुखाचा, कळलं नाही. दहा मिनिटांत तिची मुठीत आवळलेली बोटं सुटली. ती झोपली. दशुन खाली बसून रडला, पोरासारखा, नाक पुसत. छीकाकू म्हणाल्या, "रड रड. पण आधी कोळसा आण. बाजूच्या खोलीत."

"तिथं कुठंय? सगळा नेला ना?"

"पेटीत."

बाजूच्या खोलीत म्हातारीनं स्वतःसाठी दहा वर्षांपूर्वी करून ठेवलेली शवपेटी होती, लाल रंगाची, वर चादर घातलेली. झडती घेणारे तिच्यापाशी येऊन लांबूनच हात जोडून गेले होते. दशुननं झाकण सरकवलं. आत वड्या नीट रचलेल्या, तोंडोतोंड.

"मी मेल्यावर कुठं झोपायचं ते मग बघू," आतून काकूंचा आवाज आला. "चार वड्या आण. आणि झाकण नीट लाव, दमट होतात."

तीन दिवस असे गेले. काकू फक्त दुपारी बारा ते दोन पेटवत, सगळीकडं स्वयंपाकाची वाफ असते तेव्हा. पण रुइफनसाठी ते पुरेना. उतरत्या दुपारी खांग कोमट झाला की तिचे दात वाजू लागत. मग दशुन आणखी एक वडी घाली. आणि वडी घातली की पहिल्यांदा तो पिवळा, गंधकाचा वास खोलीत पसरे, कितीही काळजी घेतली तरी. रुइफनची शिट्टी वाढे. ती हातानं वास दूर सारल्यासारखं करी. दशुन खिडकी किलकिली करी, गारवा आत येई, ती थरथरे. पुन्हा खिडकी बंद. दिवसभर त्याचं हेच चाललेलं, चुलीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून चुलीपर्यंत.

"मिस्त्री, बसा की जरा," ती म्हणाली. "किती येरझाऱ्या घालताय."

"तुला धूर होतोय का?"

"होतोय."

"मग विझवू?"

"नका," ती म्हणाली. "होऊ दे."

चौथ्या दिवशी दुपारी छू आला. बरोबर योंगछिंग होता, त्याला वाटेत गाठलेलं. धुरावर पाळत ठेवायला बसवलेल्या मनोऱ्यावरच्या कॅमेऱ्यात धूर दिसला होता. वरून फोन आला होता की तासाभरात चूल विझवल्याचा फोटो पाठवा. छू तावातावानं दार ढकलून आत आला, "काकू, हे काय चाललंय," म्हणाला, आणि खांगवर नजर जाताच त्यानं टोपी काढली.

रुइफनचं नाक टोकदार झालं होतं. डोळे अर्धे उघडे. श्वास येई, मग बराच वेळ येत नसे, मग पुन्हा एकदा घशात खरखर.

"आई," योंगछिंग म्हणाला. त्याच्या कपड्यांवर भट्टीची तांबडी धूळ होती, म्हणून तो दारातच थबकला. "दवाखान्यात नेऊ. गाडी आणतो."

"आणून काय करशील, लेकरा?" छीकाकू त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. त्यांनी रुइफनच्या पायांना हात लावला, गुडघ्यापर्यंत चाचपलं, आणि दशुनकडं वळल्या. आवाज एकदम बदलला. "दशुन, वेळ झाली. दाराची फळी काढा. दोन बाकांवर मधल्या खोलीत मांडा. हिला खाली उतरवायला हवं."

दशुननं रुइफनच्या अंगावरची गोधडी वर ओढली.

"ऐकतोयस ना? खांगवर जीव गेला तर पलीकडं माणसाला तो खांग पाठीवर घेऊन चालावं लागतं. आख्खाच्या आख्खा, विटांसकट. माझ्या सासूला मी उतरवलं, नवऱ्याला उतरवलं. तुझ्या आईला तूच उतरवलंस, मी होते तिथं. हिच्या छातीत वारं नाही, ही एवढं ओझं कुठून ओढणार रे? योंगछिंग, फळी काढ."

योंगछिंगनं डोळे पुसत बिजागरीतून फळी उचकटली. छूनं न सांगता दोन बाक आणून मधल्या खोलीत ठेवले. दोन खोल्यांमधलं दार उघडं राहिलं आणि तिथून थंडीचा झोत आत आला. मधल्या खोलीत रांजणातलं पाणी बुडापर्यंत गोठलेलं होतं. छू आणि योंगछिंगनं गादीची टोकं धरली.

"हात काढा," दशुन म्हणाला.

"बाबा, रीत आहे ती."

"हात काढ म्हणतो ना!" तो खांगच्या कडेला आडवा उभा राहिला. "तिकडं कुठं ठेवता तिला? बर्फात? सगळा हिवाळा तिला कुडकुडत ठेवलं मी. आता शेवटच्या घटकेला फळीवर टाकू?"

"अरे पण तिच्या पाठीवर…"

"तिच्या पाठीवर का? खांग कुणी लावला? काकू, तुम्ही सांगा, कुणी लावला हा?"

"तू," छीकाकू म्हणाल्या.

"मग जो कोणी पलीकडं ओझ्याचं माप घ्यायला बसला असेल त्याला मी सांगेन. हा दशुन मिस्त्रीचा माल आहे, त्याच्या पाठीवर घाला. हा एकच का, गावातले सगळे घाला. तिला नका हलवू. तिला ऊब लागलीय."

छीकाकूंनी जाऊन मधल्या खोलीच्या उघड्या दारावर गोधडी टांगली.

छूच्या खिशात फोन वाजत होता. त्यानं तो काढून बघितला, वाजू दिला, पुन्हा खिशात ठेवला. "माझ्या घरच्या बुजवलेल्या चुलीचा फोटो पाठवतो," तो हळूच म्हणाला. "तीही तशीच दिसते." आणि बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.

दशुन चुलीपुढं उकिडवा बसला. पेटीतून आणलेल्या वड्या त्यानं एकीवर एक अशा रचल्या, भोकाला भोक जुळवून, आणि आत सारल्या. पिवळा धूर उठला. खांगवरून रुइफनची शिट्टी दोनदा ऐकू आली. योंगछिंग तिचा हात धरून बसला होता.

"मिस्त्री," ती म्हणाली. ओठ हलले एवढंच, पण दशुनला ऐकू गेलं.

"काय गं?"

तिनं पुढं काही सांगितलं नाही. विस्तव फुलला, वास विरला, खांग तापत गेला. बाहेर धुरांड्यातून धूर दिवसाढवळ्या सरळ वर जात होता, आणि भिंतीपलीकडं चार-पाच माणसं येऊन मुकाट उभी राहिली होती.

बराच वेळ गेला. मग छीकाकू खांगवर चढल्या, रुइफनच्या तोंडापाशी गाल नेला, तसाच धरला, आणि तिचे डोळे हातानं मिटले. योंगछिंगनं आईच्या गोधडीत तोंड खुपसून हंबरडा फोडला. भिंतीपलीकडच्या बायकांनी तो ऐकला आणि त्यांनीही गळा काढला.

दशुन चुलीपुढून उठला नाही. त्यानं चिमट्यानं राख झाडली, एक वडी घातली. ती लाल झाल्यावर दुसरी. सूर्य डोंगराआड गेला, खोलीत अंधारून आलं, चटईच्या कडा करपल्यासारख्या वास मारू लागल्या.

"दशुन," छीकाकू त्याच्या खांद्याला धरून म्हणाल्या, "पुरे कर रे बाबा आता. गेली ती."

"हो," दशुन म्हणाला. "पण पाय गार आहेत तिचे अजून."

आणि त्यानं आणखी एक वडी आत सारली.